कळ आपण दाबतो, ठरवते कोण?

कापडाच्या पेढ्यांवर गेल्या काही वर्षांत एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली आहे. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर साडीचे छायाचित्र पाहतो, रंग पसंत करतो, पैसे पाठवतो. आणि पार्सल उघडल्यावर कळवतो की हा तो रंग नव्हे. छायाचित्र याच साडीचे आहे असे दुकानदार शपथेवर सांगतो. ग्राहकही खोटे बोलत नसतो. फोटोत डाळिंबी दिसलेली साडी हातात आल्यावर राणी रंगाची निघते, मोरपंखी म्हणून मागवलेली हिरवट निघते. माल परत येतो, जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडतो आणि त्याहून वाईट म्हणजे वर्षानुवर्षे जपलेल्या शब्दावर ओरखडा उमटतो. लबाडी कोणाचीच नसते. रंग बदलण्याचा निर्णय खिशातल्या कॅमेऱ्याने घेतलेला असतो, आणि तो घेतल्याचे त्याने कोणालाच सांगितलेले नसते.

मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही. उमेदीची वर्षे बँकेत आकडे तपासण्यात गेली, कॅमेरा हा केवळ छंद. परंतु ‘निर्णय कोणी घेतला आणि त्याखाली सही कोणाची?’ हा प्रश्न बँकेतल्या माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. तोच प्रश्न या छोट्या काळ्या पेटीला विचारून पाहिला तर बरेच काही हाती लागते. आपल्या घरांत आता प्रत्येक हातात कॅमेरा आहे, दुकानाचा निम्मा व्यवहार छायाचित्रांवर चालतो, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला फोटोग्राफीचा कोर्स करायचा आहे’ म्हणून हट्ट धरून बसते, तेव्हा वडील म्हणतात, ‘सगळे तर मशीनच करते, मग फी कसली भरायची?’ प्रश्न व्यवहारी आहे. त्याचे उत्तरही व्यवहारीच असायला हवे.

कॅमेऱ्याने माणसाची कामे आपल्याकडे घेण्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० छायाचित्रांचा रोल भरलेलाच. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवायचा; १० डॉलरमध्ये छायाचित्रे धुऊन, नवा रोल भरून कॅमेरा परत येई. तुम्ही फक्त कळ दाबा, उरलेले आम्ही पाहू, असा त्या कंपनीच्या जाहिरातीचा आशय होता. १९०० मध्ये त्याच कंपनीचा ब्राउनी अवघ्या एका डॉलरला मिळू लागला आणि छायाचित्रण शाळकरी मुलांच्याही हाती आले. पुढे १९३८ मध्ये प्रकाश मोजून आपोआप बेतणारा पहिला कॅमेरा निघाला. १९७६ मध्ये कॅननच्या एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर बसला. १९७७ मध्ये कोनिकाने आपोआप फोकस करणारा कॅमेरा सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणला आणि १९८५ मध्ये मिनोल्टाने लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यातही ती सोय पक्की केली. दर दहा-पंधरा वर्षांनी एकेक काम हातातून सुटत गेले आणि दर वेळी जुन्या छायाचित्रकारांनी ‘आता कला संपली’ असे म्हणून घेतले.

ती कामे होती तरी कोणती? अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र किती उघडायचे. शटर किती वेळ उघडे ठेवायचे. फिल्म किती संवेदनशील घ्यायची. आणि फोकस कोठे धरायचा. पहिल्या तीन गोष्टींचा हिशेब जमाखर्चासारखा आहे. छिद्र एफ/२.८ आणि शटर सेकंदाचा हजारावा भाग ठेवला, किंवा छिद्र बारीक करून एफ/१६ आणि शटर सेकंदाचा तिसावा भाग ठेवला, तरी फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश जवळजवळ सारखाच. बेरीज जुळते, चित्रे मात्र दोन वेगळी. पहिल्यात धावणारे मूल जागच्या जागी थिजते आणि मागची गर्दी धूसर होऊन जाते. दुसऱ्यात मागच्या कमानीवरची अक्षरे वाचता येतात, पण मुलाचे पाय अस्पष्ट पसरतात. कोणते हवे? हे प्रकाशाच्या मोजमापातून निघत नाही. आपल्याला त्या मुलाविषयी काय सांगायचे आहे यावर ते ठरते. यंत्र बेरीज अचूक करते. मात्र ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार शहाणपणाचा होता असे नव्हे, हे व्यापाऱ्याला कोणी सांगायला नको.

मोजमापही यंत्र कशाच्या आधारे करते, हे पाहण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजतो. समोर पांढरे आहे की काळे, हे त्याला मुळात माहीत नसते. म्हणून त्याच्या रचनेत एक गृहीतक भरून ठेवलेले आहे: जगातल्या दृश्यांची सरासरी मध्यम करड्या रंगाची असते. एरवी हे गृहीतक चालून जाते. पण कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री भगवान बाहुबलींची २८ फुटी शुभ्र संगमरवरी मूर्ती आहे. तिच्याजवळ जाऊन चौकट मूर्तीनेच भरून टाका आणि साधा मीटर सांगतो त्याप्रमाणे छायाचित्र घ्या. संगमरवर राखाडी येतो. शुभ्र वस्त्रांतील साध्वींच्या समूहाचे छायाचित्र असेच मळकट येते. उलट काळ्या पाषाणाची मूर्ती किंवा काळी पैठणी समोर धरली तर ती धुरकट, उडालेल्या रंगाची दिसते, कारण तिलाही करडे करून दाखवणे हेच त्या यंत्राचे इमान. जाणता छायाचित्रकार पांढऱ्यासाठी मीटरपेक्षा एक ते दीड पायरी प्रकाश जास्त देतो, काळ्यासाठी कमी देतो. ऐकताना हे उलटे वाटते, पण एकदा कारण कळले की आयुष्यभर विसरत नाही.

कॅमेरा बनवणाऱ्यांनाही ही उणीव ठाऊक होती. १९८३ च्या निकॉन एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे पाच भाग करून प्रत्येकाचा प्रकाश वेगवेगळा मोजण्याची आणि त्यांची तुलना करून दृश्य कोणत्या प्रकारचे आहे याचा अंदाज बांधण्याची पद्धत आली. आजचा फोन याच्या कितीतरी पुढे गेला आहे. तो चेहरा ओळखतो, आकाश ओळखतो, ताटातले जेवण ओळखतो आणि प्रत्येकासाठी वेगळी वागणूक ठेवतो. बहुतेक वेळा तो बरोबर असतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शंभरपैकी नव्वद दृश्यांत सामान्य माणसापेक्षा कॅमेरा चांगला ठरवतो, असे माझे स्वतःचे मत आहे. गाठ उरलेल्या दहांशी आहे. आणि आयुष्यात जपून ठेवावीशी वाटणारी दृश्ये नेमकी त्या दहांतच फार सापडतात.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे १९४१ सालचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. न्यू मेक्सिको प्रांतात हर्नांडेझ नावाचे खेडे, संध्याकाळची वेळ, खेड्यावर चंद्र उगवलेला, दूर बर्फाच्छादित डोंगर आणि पुढे दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचा शेवटचा प्रकाश. मोटारीतून जाताना हे दृश्य पाहून ते थांबले, घाईघाईने भला मोठा कॅमेरा मांडला, आणि प्रकाश मोजण्याचा मीटर काही केल्या सापडेना. सूर्य ढगांआड जाण्याच्या बेतात होता. अ‍ॅडम्स यांना चंद्राची तेजस्विता पाठ होती: दर चौरस फुटाला २५० कँडल. त्या एका आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात गणित मांडले, फिल्टरमुळे कमी होणारा प्रकाश हिशेबात धरला आणि एफ/३२ वर एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले. खबरदारी म्हणून दुसरे घ्यावे म्हणून फिल्मधारक उलटा केला, तोवर क्रुसांवरचा प्रकाश गेला होता. मूळ फिल्म एकच.

येथे काम गणिताने केले हे खरे. पण गणिताला काय हवे ते आधी डोळ्याने ठरवले होते. चंद्राचा पृष्ठभाग जळून पांढरा ठिपका होऊ द्यायचा नाही, आणि त्यासाठी जमीन काळोखी राहिली तरी चालेल, हा निर्णय. सरासरी काढणाऱ्या यंत्राने काळ्या जमिनीला उजेड देऊन चंद्र घालवला असता. चित्र तेव्हाही मिळाले असते, कदाचित स्वच्छही. फक्त ते अ‍ॅडम्स यांना दिसलेले नसते.

आपल्याकडे अशी माणसे तालुक्यातालुक्याच्या स्टुडिओंत बसलेली असत. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. लग्नाच्या मांडवात उन्हाचा कवडसा कोठे पडतो हे पाहून ते नवरानवरीला दोन पावले सरकायला सांगत. स्वतःच्या हाताचा तळवा उजेडात धरून त्यावरून शटर ठरवत. रात्री निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे व्रण भरून काढत. हौशी माणसाजवळ त्या काळी बहुधा आगफाचा क्लिक थ्री असे. त्यात ऊन आणि ढग एवढ्याच दोन खुणा. एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला शाखेतल्या एका सहकाऱ्याकडे तो होता. सहलीला निघताना बारा जागांची वाटणी आधीच होई: दोन समूहाच्या, एक साहेबांची, एक धबधब्याची, आणि दोन राखीव. बँकेचा अर्थसंकल्प इतक्या काटेकोरपणे झाला असता तर बरे झाले असते. गंमत सोडली तर त्या टंचाईने एक सवय लावली होती: कळ दाबण्याआधी बघायचे. प्रत्येक छायाचित्राला किंमत होती, म्हणून प्रत्येक छायाचित्रापूर्वी विचार होता.

टंचाईचा आणखी एक प्रसंग पुण्याचा आहे. १९४६ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट महात्मा गांधींचे चरख्यासह छायाचित्र घ्यायला आल्या. आधी स्वतः सूत कातायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. त्या शिकल्या. गांधीजींना झगमगाट नकोसा असल्याने फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन वाया गेले आणि तिसऱ्याने साथ दिली. ते छायाचित्र आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. तांत्रिकदृष्ट्या आजचा स्वस्तातला फोनही ती अंधारी खोली फ्लॅशशिवाय सहज टिपेल, यात शंका नाही. पण चरख्यावर आधी बसायला लागले, सूत तुटताना हात कसा थांबतो हे कळले, त्याचा त्या चित्राशी काही संबंध नाही असे मला वाटत नाही.

तरीही जुन्याचे गोडवे गाणे एवढाच या लेखाचा उद्देश नाही. काही कौशल्ये गेली ते बरेच झाले. आमच्या पिढीने बचत खात्यांवरचे व्याज हाताने काढले आहे. सहामाहीच्या रात्री शाखेत दिवे जळत, प्रत्येक खात्याच्या शिलकीचे गुणाकार चालत आणि एक रुपया जुळेना म्हणून पहाट होई. संगणकाने ते काम काही मिनिटांत करायला सुरुवात केली तेव्हा मला तरी हळहळ वाटली नाही. छायाचित्रातल्या फोकसचे तसेच आहे. साठी ओलांडल्यावर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर बारीक काचेतून फोकस जुळवणे काय असते ते समवयस्कांना विचारा. उडत्या बगळ्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणारे आजचे कॅमेरे पूर्वी निष्णात माणसालाही दहा खेपांत एकदा साधेल ते दर खेपेला साधतात. हात मोकळा झाला तर लक्ष दुसरीकडे देता येते, हे यंत्राचे खरे देणे.

मुद्दा असा की मोकळे झालेले लक्ष आपण कोठे नेतो? १९८३ मध्ये लिझन बेनब्रिज या संशोधक विदुषींनी स्वयंचलनातील विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला होता. तो कॅमेऱ्यांविषयी नव्हता, कारखान्यांतील नियंत्रण कक्षांविषयी होता. पण त्यातले निरीक्षण सगळीकडे लागू पडते. यंत्र सोपी कामे घेते आणि अवघड प्रसंग माणसावर सोपवते. परंतु सोपी कामे रोज केल्यानेच अवघड प्रसंगासाठी हात तयार राहत असतो. तो सराव बंद झाला की माणूस नेमका गरजेच्या वेळी नवशिका ठरतो. बँकेत मी हे पाहिले आहे. संगणकाने व्याज काढले ते उत्तम. पण व्याजाचा आकडा पाहताच ‘हा फार वाटतो’ असे म्हणणारी नजर हाताने गुणाकार केलेल्यांकडे होती. पुढे कर्ज देताना गुणांक पाहण्याची पद्धत आली. गुणांक उपयोगी असतो. पण दुकानात शिरताच फळीवरची धूळ, गड्यांची लगबग, जुन्या ग्राहकाशी बोलण्याची रीत यांवरून पेढी कशी चालली आहे हे ओळखणारा अधिकारी गुणांकाने तयार होत नाही. छायाचित्रकाराचेही हेच.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. निर्णय नाहीसा झालेला नाही. तो पुढे ढकलला गेला आहे. पूर्वी निवड कळ दाबण्याआधी होई, आता नंतर होते. आजचे उत्तम कॅमेरे सेकंदाला वीस-तीस, काही तर एकशेवीस छायाचित्रे घेतात. काहींत अशीही सोय आहे की कळ दाबण्यापूर्वीच्या काही क्षणांची छायाचित्रे कॅमेरा आपणहून घेऊन ठेवतो. आपण दाबल्यावर मागचीही हाती येतात. फोनमध्ये तर आपल्या नकळत हे सतत चालू असते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तो एक निर्णायक क्षण पकडण्यासाठी आयुष्य वेचले. येथे सगळेच क्षण गोळा होतात आणि कोणता निर्णायक हे रात्री घरी बसून ठरवायचे असते. ठरवते कोण? लग्नानंतर छायाचित्रकार पेन ड्राइव्ह देतो, त्यात हजारो छायाचित्रे असतात आणि ‘अल्बमसाठी तुम्ही निवडा’ असा निरोप असतो. वर्ष उलटते, पाळणा हलतो, तरी अल्बम होत नाही. मालाने गोदाम भरले आणि मोजदाद करायला कोणी नाही, अशी ही अवस्था. निवड हे कौशल्य आहे, मेहनतीचे आहे, आणि त्याचे पैसे द्यायला आपण अजून शिकलो नाही.

यापेक्षा गंभीर बाब वेगळीच आहे. आजवर यंत्र प्रकाश किती आणि फोकस कोठे एवढेच ठरवत होते. आता समोर काय आहे हेही ते ठरवू लागले आहे. समूहछायाचित्रात आत्याचे डोळे मिटलेले असतील तर दुसऱ्या क्षणीच्या छायाचित्रातला तिचा उघड्या डोळ्यांचा चेहरा येथे आणून बसवणारे फोन २०२३ पासून बाजारात आहेत. चित्र सुंदर होते. फक्त तो क्षण कधी घडलेला नसतो. त्याच वर्षी मार्चमध्ये एका जिज्ञासू माणसाने मुद्दाम अस्पष्ट केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचे छायाचित्र घेतले. पडद्यावर नसलेली विवरे छायाचित्रात उमटली. समोर चंद्र आहे असे ओळखून तपशील स्पष्ट करण्याची व्यवस्था फोनमध्ये आहे, असा खुलासा कंपनीने केला. अ‍ॅडम्स यांना चंद्राचे तेज पाठ होते. फोनला चंद्रच पाठ आहे. या दोन पाठांतरांत फरक आहे.

व्यापारी माणसाने २०१३ चे एक प्रकरण जरूर लक्षात ठेवावे. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांना असे आढळले की एका इमारतीच्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत काढताना यंत्राने आकडेच बदलले. तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती. प्रतीत तिन्ही खोल्यांवर १४.१३ चौरस मीटर हाच आकडा आला. यंत्र होते झेरॉक्स कंपनीचे, जिच्या नावाला आपल्याकडे छायाप्रत असाच अर्थ मिळाला आहे. कारण असे की फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र सारखे दिसणारे आकडे एकमेकांच्या जागी वापरत होते. अक्षर पुसट झाले नव्हते. आकडा स्वच्छ होता, फक्त चुकीचा होता. कंपनीने नंतर सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती दिली. योगायोग असा की त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत धनादेशाचा कागद न फिरवता त्याची प्रतिमा पाठवून वटवण्याची पद्धत सुरू झाली. ही पद्धत चांगली आहे आणि तिने लोकांचे दिवस वाचवले. पण प्रतिमेवर इतका भार टाकणाऱ्या काळात यंत्राने केलेली प्रत मुळाशी ताडून पाहणारा एक माणूस कोठेतरी लागतो. गोदामातल्या मालाचे, विम्याच्या दाव्यातील नुकसानीचे, पावतीचे छायाचित्र काढताना फोनची सगळी सुशोभीकरणे बंद असावीत, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो.

आता पुन्हा त्या डाळिंबी साडीकडे वळू. प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो. जुना बल्ब पिवळा, ट्यूबलाइट किंचित हिरवी, सावलीतला दिवसाचा उजेड निळसर. आपला मेंदू तो फरक पुसून टाकतो आणि पांढरा कागद कोठेही पांढराच दिसतो. कॅमेराही तोच प्रयत्न करतो. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. पण चौकटभर लाल साडी पसरली असेल तर हा लाल साडीचा आहे की दिव्याचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. दिव्याचा आहे असे समजून तो थोडा लाल काढून घेतो आणि डाळिंबीचा दुसराच रंग होतो. शेजारी हिरवी साडी ठेवली की तीच लाल साडी पुन्हा वेगळी दिसते, म्हणून एकाच गठ्ठ्यातल्या दोन साड्यांचे रंग दोन छायाचित्रांत जुळत नाहीत. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे छायाचित्र घेणाऱ्यांना हा अनुभव अधिक तीव्रतेने येतो, कारण चांदीला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. भिंत पिवळी असेल तर ती पिवळी होते, आकाश निळे असेल तर निळी. शिवाय पांढऱ्या कापडावर मांडलेली चांदी मीटरच्या त्या करड्या गृहीतकामुळे जस्तासारखी दिसते. हिऱ्यांच्या बाबतीत उलटा घोटाळा होतो. फोन अनेक छायाचित्रे एकत्र करून अतितेजस्वी भाग दाबतो आणि अंधारे भाग उजळतो. माणसाच्या चेहऱ्याला हे मानवते, पण हिऱ्याची लकाकी म्हणजे तेज आणि अंधार यांतला फरकच असल्याने खडा काचेसारखा सपाट होतो.

उपाय खर्चिक नाहीत. दुकानात उत्तरेकडची खिडकी असेल तर तिच्याजवळ एक टेबल कायमचे ठेवावे. दिवसभर तेथे ऊन न येता उजेड येतो. खिडकी नसेल तर रंग नीट दाखवणारे एकाच प्रकारचे दोन दिवे घ्यावेत आणि छायाचित्राच्या वेळी बाकीचे बंद करावेत. मालाच्या जागी आधी साधा पांढरा कागद ठेवून व्हाइट बॅलन्स त्यावर पक्का करावा. फोनमध्ये ‘प्रो’ नावाची व्यवस्था असते तिच्यात हे करता येते. पडद्यावर बोट काही क्षण दाबून धरले की बहुतेक फोनांत फोकस आणि प्रकाश तेथेच कुलूपबंद होतात. मग बोट वरखाली सरकवून पांढरी वस्तू पांढरी आणि काळी वस्तू काळी होईपर्यंत प्रकाश आपण ठरवायचा. चौकटीच्या एका कोपऱ्यात तो पांढरा कागद थोडा दिसू द्यावा, म्हणजे ग्राहकालाही ताडून पाहता येते. शेवटी साडी आणि फोनचा पडदा शेजारी शेजारी धरून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावे. गल्ल्यावरची नोट आपण अजूनही उजेडात धरून पाहतोच ना?

मुलांच्या कोर्सचा प्रश्न राहिला. यंत्राला कळत नाही असे काय शिल्लक आहे, याचे उत्तर कोणत्याही लग्नात मिळते. मंगलाष्टकांचे शेवटचे कडवे चालू झाले की जाणता छायाचित्रकार वधूच्या बाजूला सरकून उभा राहतो, कारण अंतरपाट खाली येताच नवरी प्रथम वर पाहते आणि ती नजर अर्ध्या सेकंदात अक्षतांच्या वर्षावात हरवते. कॅमेरा तिचा चेहरा ओळखेल, डोळ्यावर फोकस धरेल, सेकंदाला तीस छायाचित्रे घेईल. पण छायाचित्रकार मांडवाच्या चुकीच्या बाजूला उभा असेल तर तीसही छायाचित्रे नवऱ्या मुलाच्या मामांच्या पाठीची निघतील. तो मामा कोण, मागे खांबाला टेकून उभी असलेली आजी कोण, तिच्याकडे लेन्स वळवावी की ती डोळे पुसते आहे म्हणून खाली करावी, हे कोणत्याही यंत्रात भरलेले नाही.

म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. कॅमेऱ्याची सारी स्वयंचलित व्यवस्था बंद करून विद्यार्थ्यांकडून किती दिवस काम करून घेता? दिवसाला छत्तीसच छायाचित्रे, अशी मर्यादा घालून कधी पाठवता का? हजार छायाचित्रांतून वीस निवडायला बसवता का, आणि उरलेली का टाकली याचे कारण लिहून घेता का? छपाई शिकवता का? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर पैसे वाया जाणार नाहीत. कॅमेरा कोणता घ्यायचा याचेच वर्णन पहिला अर्धा तास ऐकवले गेले, तर चहा घेऊन नमस्कार करून निघावे.